उतारशाळेवाल्याबद्दल कुणी बोलतच नाही

परवाच्या रविवारी चर्चमधे परत एकदा येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवर उपदेश झाला. लहानपणापासून हा उपदेश इतक्यांदा ऐकलाय की पाळकसाहेबांनी "यरुशलेमेहून यरीहोस" एवढं म्हटलं की पुढचं सगळं माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतं. लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस रस्त्यात पडलेला असतो, याजक म्हणजे मंदिरातला पुजारी येतो, बघतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक येतो आणि तोही तेच करतो, मग तो परका शोमरोनी येतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी नेतो. मग पाळकसाहेब चष्मा काढून विचारतात, या तिघांपैकी तुम्ही कोण? आणि आम्ही सगळे खाली बघतो. दरवर्षी हेच.

मला नेहमी वाटतं की साहेब तिघांपैकीच का विचारता, गोष्टीत अजून एक माणूस आहे की! तो उतारशाळेवाला. शोमरोनी दुसऱ्या दिवशी त्याच्या हातावर दोन दिनार ठेवतो, याला जप म्हणतो, जास्त काय खर्च होईल ते परत येताना देईन म्हणतो आणि आपल्या कामाला निघून जातो. तिथेच गोष्ट संपते. पण त्या जखमी माणसाचं तिथे कुठे संपलंय? त्याच्या पट्ट्या रोज कुणी बदलल्या, त्याला कुशीवर कुणी वळवलं, ताप चढला तेव्हा रात्री कोण उठलं, त्याची घाण कुणी काढली? शोमरोन्याचं सगळं एका दिवसात आणि एका रात्रीत झालं, पुढचं सगळं त्या दुसऱ्याने केलं ज्याला गोष्टीत एक शब्दसुद्धा बोलायला मिळालेला नाही. आणि एक दिनार म्हणजे तेव्हाची एका मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे दोन दिवसांचा पगार ॲडव्हान्स आणि बाकी सगळी उधारी! तीही कुणाच्या भरवशावर, तर एका शोमरोन्याच्या, ज्याच्याशी यहुदी माणसं धड बोलायचीसुद्धा नाहीत. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली, मधे सगळा ओसाड डोंगराळ उतार, लुटारूंचा रस्ता, तिथून जाणारा माणूस परत येईलच याची काय गॅरंटी? तरी त्या माणसाने खोली दिली.

मला हे एवढं लागतं कारण आमचं घर मिरजेचं आहे, आणि आमच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे लागेल.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. 1894 साली डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, माणूस मूळचा कॅनडाचा, आणि मग हळूहळू एवढे दवाखाने झाले की आज स्टेशनवर उतरणाऱ्या कुणाच्याही हातात एक्सरेची मोठी पिशवी दिसली तर कुणी वळून बघत नाही. रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे कोल्हापूर, पंढरपूर, बेळगाव सगळीकडून लोक येतात, निम्मे तर कन्नड बोलणारेच. आणि पेशंट एकटा कधीच येत नाही ना, त्याच्याबरोबर बायको, भाऊ, सासरा, एखादं लहान पोर, स्टो आणि पिठाचा डबा असतो. पेशंटला कॉट मिळते, यांनी कुठे जायचं? मग गल्लोगल्ली लोकांनी मागच्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आमच्या आईने पण दिल्या. बाबा गेल्यावर घर त्याच खोल्यांवर चाललं, हे आधीच सांगून टाकते म्हणजे आई फार मोठी संत होती असं कुणाला वाटायला नको. तिला पैशांची गरज होती.

पहाटे साडेचारला आई बंब पेटवायची. तांब्याचा मोठा बंब, आजीच्या वेळचा, तळाला एका ठिकाणी डाग दिलेला, तिथून कधीमधी ठिबकायचा आणि खाली निखाऱ्यावर चर्र आवाज यायचा. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, मक्याची कणसं, जे मिळेल ते आत. पाच वाजेपर्यंत मागच्या अंगणात बादल्या घेऊन लाईन लागायची कारण सकाळच्या राऊंडच्या आत वॉर्डात पोचायला हवं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायला कुणीतरी पाहिजे. आईला कन्नड येत नव्हतं पण "बिसी नीरु बेका" आणि "ऊटा आयता" एवढी दोन वाक्यं तिने पाठ केली होती, आणि खरं सांगायचं तर गरम पाणी हवं का आणि जेवण झालं का यापलीकडे त्या माणसांना त्या वेळी फार काही विचारण्यासारखं नसतंच. कुणाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पातळ द्या सांगितलं, की आई तांदूळ जरासे भाजून, भरडून त्याची पेज करायची, सुती फडक्यातून गाळायची आणि चमचा उलटा धरून त्यावरनं ओघळते का ते बघायची. घट्ट वाटली तर परत पाणी. हे झाल्यावर मग वहीत लिहायची: पेज, एक, आणि पुढे रुपये.

ती वही म्हणजे शाळेची शंभर पानी वही, वर मोराचं चित्र. एकेका पानावर एकेक खोली. नाव, गाव, कोण ॲडमिट आहे, कुठल्या दवाखान्यात. खाली भाडं, पाणी, पेज, कधी स्टोचं रॉकेल. डिस्चार्ज झाला की हिशोब. आणि पुष्कळदा असं व्हायचं की डिस्चार्जचं बिल भरता भरता लोकांच्या खिशात एसटीचे पैसेसुद्धा उरायचे नाहीत, मग ते दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, मावशी, परत फेरतपासणीला येऊ तेव्हा देतो. बघा, शब्दाला शब्द तेच! परत येईन तेव्हा देईन. आई पानावर तारीख घालून ठेवायची. काही यायचे, काही यायचे नाहीत. जे यायचे नाहीत त्यांना आई शिव्या घालायची, हो घालायची, देवाच्या माणसांसारखं "प्रभू त्याचं भलं करो" वगैरे काही नाही, चांगल्या मिरजेच्या शिव्या, तेही उपासनेला जायची साडी नेसता नेसता. आणि दुसऱ्या दिवशी तसाच कुणीतरी दारात आला की त्याला पण खोली द्यायची. मी एकदा म्हटलं, आई, आधी ॲडव्हान्स घे ना, तर म्हणाली, आजारी माणूस घेऊन आलेल्याला आधी पैसे माग म्हणतेस? मग नंतर बुडवले की ओरडू नकोस, तर म्हणाली, ओरडणार! लाईटबिल काय आभाळातनं भरलं जातं काय?

आमच्याकडे एकदा अथणीकडचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. म्हणजे बायको दवाखान्यात आणि हा आमच्या खोलीत, फक्त अंघोळीला आणि दोन तास पाठ टेकायला. बाळ सातव्या महिन्यातच झालेलं, काचेच्या पेटीत. मी तेव्हा कॉलेजला होते. तो मुलगा रोज पहाटे लाईनीत सगळ्यात शेवटी उभा राहायचा, कुणी मागनं आलं तर त्याला पण पुढे जाऊ द्यायचा. एक दिवस तो आला, बादली खाली ठेवली आणि काहीच बोलला नाही. आईने बादली भरली. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तिला कळलं. मी वाट बघत होते की आता आई काहीतरी म्हणेल, चर्चमधे म्हणतात तसं, देवाची इच्छा, प्रभूने दिलं प्रभूने नेलं असलं काहीतरी. ती म्हणाली, पाणी लई कडक आहे, विसण घाल. बस, तेवढंच. मग तो अंघोळ करून आल्यावर त्याच्यासमोर भाकरी आणि दूध ठेवलं आणि तो खाऊन उठेपर्यंत तिथून हलली नाही, मागे लाईनीतले लोक बादल्या वाजवत होते तरी.

त्याचे गाववाले आले, पुढचं सगळं त्यांनी केलं. दुपारी आईने कपाटातून एक जुनी मऊ सुती साडी काढली, तिचे रुंद पट्टे फाडले आणि मला घेऊन वॉर्डात गेली. मला कळेना कशाला. ती बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या झंपरची पुढची बाजू ओली होती. दूध आलं होतं. बाळ सकाळीच गेलं होतं आणि दूध आलं होतं आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, सासू नव्हती, आई गावाकडे, नवरा बाहेर माणसांत. आई ड्युटीवरच्या सिस्टरला बाजूला घेऊन काय ते बोलली, काय करायचं ते विचारून घेतलं, मग पडदा ओढला आणि मला बाहेर उभं केलं. ती बाई तोपर्यंत रडली नव्हती म्हणे. पडद्याच्या आतून आवाज आला तो मी अजून विसरलेली नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नंतर तिला डिस्चार्ज मिळाला. तो मुलगा आला आणि म्हणाला, मावशी, हिशोब. आईने मोराची वही काढली, बेरीज केली, आकडा सांगितला. त्याने पैसे दिले, आईने मोजले, सुट्टे परत केले, पानावर आडवी रेघ मारली. दोघं निघून गेले.

हे आमच्या चर्चमधल्या एका काकूंना कळलं (मिरजेत सगळं कळतं) आणि त्या घरी आल्या. सलाम झाला, चहा झाला, मग म्हणाल्या, अहो, त्याचं लेकरू गेलं आणि तुम्ही भाडं घेतलंत? आपण ख्रिस्ती माणसं, लोक काय म्हणतील? आई म्हणाली, त्यानं दिलं, मी घेतलं. नको म्हणाले असते तर लेकरू गेलं त्याच दिवसात आपण कुणाच्यातरी भिकेवर राहिलो हे पण त्याच्या डोक्यावर बसलं असतं. तो ताठ मानेनं गेला माझ्या घरातनं. काकूंना पटलं नाही. आईने पण पटवायचा प्रयत्न केला नाही, तिने विचारलं, बिस्कीट घेता का अजून.

साडीचे पट्टे, वॉर्डातल्या खेपा आणि तिथे नेलेला डबा, यातलं काहीच वहीत नव्हतं, हे मी मुद्दाम बघितलं होतं.

म्हणून मला दया आणि पैसे असे दोन वेगळे कप्पे करणारी माणसं जरा डोक्यात जातात. सेवा म्हणजे फुकट आणि पैसे घेतले की धंदा, असं आपल्याकडे धरूनच चालतात. फुकट करणाऱ्याचं चर्चमधे नाव घेतात, शाल देतात, आणि पैसे घेऊन तेच काम रोज करणाऱ्याला कुणी विचारत नाही. येशूने त्या गोष्टीत पैशांचा उल्लेख टाळला असता तर चाललं असतं की, शोमरोन्याने उतारशाळेत नेलं, तो बरा झाला, संपलं. पण नाही, आकडा सांगितलाय, दोन दिनार, आणि वरचे देईन. जुन्या काळचे ऑगस्टिनसारखे धर्मगुरू या गोष्टीचा अर्थ लावताना म्हणायचे की उतारशाळा म्हणजे मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, आणि उतारशाळेवाला म्हणजे प्रेषित पौल. आता प्रत्येक गोष्टीत असा एकास एक अर्थ काढणं मला फारसं रुचत नाही, पण हे एक आवडलं, कारण पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, त्याला रोजचा हिशोब माहीत होता. आणि मंडळी म्हणजे काय, तर जिथे कुणीतरी आणून टाकलेला माणूस बरा होईपर्यंत ठेवून घेतात ती जागा. आमची मंडळी तशी आहे का यावर मी इथे लिहिणार नाही, पुढच्या रविवारी तिथेच जायचंय.

मिरजेतले सगळे खोलीवाले आईसारखे आहेत असंही नाही हां. अडलेला माणूस बघून दुप्पट भाडं सांगणारे, चादरीचे वेगळे पैसे लावणारे आहेत, पूर्वीही होते. उतारशाळेवाल्यांचं नाव येशूच्या काळात सुद्धा फार चांगलं नव्हतंच म्हणतात. तरी त्याने गोष्टीत एक घेतलाच.

2016 ला लातूरला पाणी नव्हतं तेव्हा इथून पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, सगळ्या चॅनलवर दाखवली. आणि 2019 च्या ऑगस्टमधे कृष्णेचा पूर आला, सांगलीत पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, मिरज जरा उंचावर म्हणून माणसं इकडे आली, तेव्हा कुठनं कुठनं मदतीचे ट्रक आले, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे. खरंच चांगली माणसं, कुणी बोलावलं नव्हतं तरी आली. पण पाणी उतरल्यावर घराघरात गाळ होता आणि त्या वासात उभं राहून तो उपसायला बाहेरगावच्या महापालिकांचे सफाई कामगार आले होते, पगारी माणसं. त्यांच्याबरोबर सेल्फी काढताना मी तरी कुणाला बघितलं नाही.

आता आई थकली. खोल्या बंद केल्या, बंब माळ्यावर आहे. मधे ती बाथरूममधे पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मग आमच्याच घरात रात्रीच्या मावशी ठेवायची वेळ आली. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. ती बाई रोज लांबच्या गावाहून शेवटच्या एसटीने येते, एकादशी धरते, आईला कुशीवर वळवते, पाठीला पावडर लावते, लाल झालंय का ते टॉर्च मारून बघते, पाठीला जखम होऊ नये म्हणून. आईला झोप लागली नाही की ती आईला विठोबाच्या ओव्या म्हणून दाखवते आणि आई तिला नारायण वामन टिळकांची भजनं, दोघी एकमेकींच्या चुका काढतात. मला वाटतं देवाला दोन्ही ऐकू येतं, पण हे पाळकसाहेबांना विचारलेलं नाही.

तर ती मावशी ठरवताना आमचे एक नातेवाईक मधे पडले, स्वतः चर्च कमिटीवर आहेत, आणि तिच्याशी पन्नास रुपयांवरून एवढी घासाघीस करायला लागले, की अहो रात्री तर पेशंट झोपलेलाच असतो, तुम्ही पण झोपणारच की! ती बिचारी साडीच्या पदराशी खेळत गप्प उभी. आई आतल्या खोलीतून ओरडली, शोमरोन्यानं काय भाव केला होता का रे? त्यांना पटकन कळलंच नाही, मला कळलं. तिने सांगितलेलेच पैसे ठरले, आणि एसटीचं भाडं वेगळं.

आता याच गोष्टीवरून आमच्या महिला मंडळात वाद चाललाय. आमचं मंडळ महिन्यातून एका रविवारी उपासना झाल्यावर एका मोठ्या दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतं. चांगलं काम आहे, मी पण जाते, बॅनर धरते, फोटोत असते. पण मागच्या वेळी एक आजोबा पातेल्याजवळ येऊन अगदी साधेपणाने म्हणाले, बाई, उद्या किती वाजता? आता उद्या म्हणजे सोमवार, सोमवारी आम्ही नसतो. त्याच फुटपाथच्या कोपऱ्याला एक बाई खाणावळ चालवते, पत्र्याचं शेड, दोन बाकडी, ती रोज असते, पावसात पण, आणि तिच्याकडे निम्मी ताटं उधारीवर चालतात. आम्ही खिचडी वाटतो त्या रविवारी तिचा धंदा पडतो, हे पण तिनेच मला हसत हसत सांगितलं.

म्हणून मी मीटिंगमधे म्हटलं की खिचडीला लागतात ते पैसे आपण तिला देऊया, आणि ज्यांच्याकडे खरंच नाहीत त्यांची ताटं तिने त्यातून घालावीत. कोण गरजू ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. झालं! एक म्हणाली, ती आपल्यातली नाही. दुसरी म्हणाली, ती पैसे खाईल. तिसरी म्हणाली, मग आपण काय करायचं, आपली सेवा कुठे राहिली? हा तिसरा प्रश्न मला खरा वाटला, बाकीचे दोन नाही. खजिनदार बाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं, ती बिल देईल का, ऑडिटला लागतं.

मी जाऊन विचारून आले. ती ताटं विसळत होती. म्हणाली, बिलबिल काय नाही बघा ताई, वही आहे, नाव कुणाचं टाकू तेवढं सांगा.

हे मी ग्रुपवर टाकलं. आता नाव महिला मंडळाचं टाकायचं का चर्चचं, यावर सकाळपासून मेसेज चाललेत, आणि पैसे द्यायचे का हे अजून ठरलेलंच नाहीये.